अक्कांच्या बंद घरातला पंखा

"…आणि त्या घरात कुणी काही हलवलं ना, तर दहा मिनिटांत आपोआप—"

एवढंच कानावर पडलं आणि चक्कीवाल्यानं चक्की चालू केली! आता सांगा, माणसानं काय करावं? सांगणारीचे ओठ हलताहेत, ऐकणारीचे डोळे मोठे होताहेत, आणि माझ्या वाट्याला नुसता पिठाचा धुरळा. जाताना बाईनं बोट केलं ते मात्र मी पाहिलं. 'ते घर' म्हणजे आमच्या शेजारच्या अक्कांचं.

आणि त्या घराची किल्ली कुठे? माझ्या कमरेला!

अक्का आणि त्यांची सून मृणाल लग्नाला धुळ्याला गेल्या होत्या. मृणाल कॉम्प्युटरवाली. तिच्या ऑफिसच्या मशिनी कुठल्या कुठे, आणि ही आमच्या पिंप्राळ्यात बसून त्या सांभाळते. जाताना मला म्हणाली, "मावशी, झाडांना पाणी घाला. पण माझ्या खोलीत कशालाच हात लावू नका. आज तीन वाजता मी धुळ्याहून साहेबांना काम दाखवणार आहे. पटलं तर घरूनच नोकरी, नाहीतर पुण्याला जावं लागेल."

पुण्याला! मग अक्का त्यांचे दुखरे गुडघे घेऊन एकट्या राहणार? "बाई, मी त्या खोलीकडे बघणारसुद्धा नाही," मी म्हटलं. अगदी मनापासून म्हटलं हो!

तीनच्या सुमारास गेले. आमच्याकडची मे महिन्यातली दुपार तुम्हाला माहीतच आहे. गल्लीत कुत्रंही नाही. नुसते कूलर घुमताहेत. कुंड्यांना पाणी घातलं, आणि आतून आवाज आला. घर्र… घर्र…

दार नुसतं लोटलेलं होतं. बोटभर ढकललं. टेबलावर डब्याएवढ्या तीन काळ्या मशिनी, त्यांचे टीव्हीसारखे तीन हिरवे पडदे, एक निळा दिवा. आणि रिकाम्या खोलीत पंखा गरगर फिरतोय!

आता मला सांगा, रिकाम्या खोलीत पंखा चालू दिसला तर कुठल्या बाईला राहवेल? भिंतीवर ती नुसतं बोट टेकवायची नवी बटणं होती. पंखा बंद, दिवा बंद. जाता जाता पदरानं मधल्या मशिनीसमोरची बटणांची पाटीही पुसली. तर तिचा पडदा लालभडक! मी दार ओढून बाहेर.

तुळशीपाशी पोचते न पोचते तोच… घर्र… घर्र…

परत गेले. पंखा चालू. दिवा चालू. आणि मधला पडदा हिरवा, दोन्हीकडच्या बहिणींसारखा! जसा काही मी हात लावलाच नव्हता.

म्हटलं, शोभा, ऊन लागलं तुला. पुन्हा सगळं बंद केलं आणि बैठकीत घड्याळ बघत बसले. तीन मिनिटं. पाच. घर असं गप्प की नळाचा थेंब मोजावा. नऊ… दहा…

टक्. दाराच्या फटीतून निळा उजेड जमिनीवर सरकत माझ्या पायापर्यंत आला.

घामानं भिजलेली मी, आणि पाठीतून बर्फाचं पाणी गेलं! चक्कीवरचं ते अर्धं वाक्य तिथं पुरं झालं. अक्कांच्या सासूबाई! म्हातारी जाऊन बारा वर्षं झाली, पण जिवंतपणी तिची शिस्त अशी की चमचा बोटभर सरकला तरी दहा मिनिटांत जागेवर ठेवून यायची. जाताना चष्मासुद्धा घडी करून ठेवून गेली.

"सासूबाई?" मी दारातून विचारलं.

पंख्याचं एक पातं करकरलं.

संपलं! डोक्यावर पदर घेतला, हात जोडले. "सासूबाई, चुकले. तुमच्या लोणच्याची चिनी मातीची बरणी तुम्ही गेलात त्याच वर्षी मी नेली होती. अक्कांना सांगितलं फुटली. फुटली नाही हो! माझ्याकडेच आहे. आत्ता आणते, पण माझ्या घरी येऊ नका!"

अनवाणी पळाले. तापलेल्या फरशीवर पाय भाजले, कळलंही नाही. बरणी आणून मशिनींपुढे ठेवली, कुंकू लावलं, आणि घरी येऊन देवघरासमोर बसले.

चार वाजता फोन. अक्का. त्या मूळच्या धुळ्याकडच्या, रागावल्या की अहिराणीच.

"शोभे, तू मृणालनी खोलीमा व्हती का वं?"

म्हटलं, गेली पोरीची नोकरी. माझ्यामुळे पोर पुण्याला. "अक्का, मी फक्त पंखा…"

तेवढ्यात मृणालनं फोन घेतला. रडतेय की हसतेय कळेना. "मावशी, मी मशिनींना हातानं काही करतच नाही. त्या कशा असाव्यात ते एकदा लिहून ठेवते. तेच लिहिलेलं सगळ्यांना. दर दहा मिनिटांनी त्या स्वतःला त्याच्याशी ताडून बघतात, फरक दिसला की पूर्ववत. ऑफिसात अशा शेकडो आहेत. साहेबांना पटावं म्हणून घरच्या तिघींना पंखा आणि दिवा जोडला होता."

"मग मी बिघडवलं ना गं?"

"बिघडवलं? साहेब विचारतच होते की मध्येच कुणी अडाण्यासारखा हात घातला तर? तेवढ्यात तुम्ही आलात! कपाटावर कॅमेरा आहे, मावशी. घरूनच काम करायला परवानगी मिळाली."

मी हुश्श करणार, तोच डोक्यात आलं. "आवाजही येतो का गं त्यात?"

फोन पुन्हा अक्कांनी घेतला.

"बरनी भेटनी. झाकन कोठे शे?"

तर मंडळी, चक्कीवरची अफवा अर्धीच खरी निघाली. त्या घरातला पंखा दहा मिनिटांत पूर्ववत होतो. बरणीला बारा वर्षं लागली. आणि झाकण? ते अजून माझ्या पिठाच्या डब्यावर आहे. पण कालपासून त्या डब्याला हात लावायची हिंमत होत नाही, म्हणून आज पुन्हा चक्कीवर आले.