आधी माल, मग नंबर

नव्या साडीची घडी मोडली की कांजीचा वास येतो, आणि मला डिंडोलीतल्या आमच्या घरातली ती दुपार आठवते.

नोकरीचा पहिला महिना होता, त्या दिवशी मी घरूनच काम करत होते. जुना डेटा संध्याकाळपर्यंत नव्या डेटाबेसमध्ये भरायचा होता, आणि काम मुंगीच्या पावलांनी चाललं होतं. पांडेसऱ्याच्या मिलमध्ये फोल्डिंग खात्यात साड्यांच्या घड्या घालून कांजीच्या वासासकट घरी आलेल्या आईला मी रडवेली होऊन सांगितलं, "प्रत्येक नोंद आली की डेटाबेस आधी इंडेक्समध्ये, म्हणजे शोधायच्या यादीत, तिची जागा लावतोय."

आई हसली. "आम्ही ट्रकमधून पहिले अख्खा माल उतारी लेतस, मंग नंबर लावतस."

मी इंडेक्स काढले, डेटा ओतला, मग इंडेक्स पुन्हा बांधले. पाचच्या आत झालं. ऑफिसात शाबासकी मी एकटीनेच घेतली.

आता नवी मुलं विचारतात, "मॅडम, हे कुठे शिकलात?"

मी सांगते, "पांडेसऱ्यात. मिलच्या फोल्डिंग खात्यात."