पाण्यात सोडायचं नाणं

त्या माणसाचं नाव मी कधी विचारलं नाही. तोंड विटाळायचं कशाला?

खडेबाजारात आमच्या सोनाराच्या दुकानासमोर तो बाजारादिवशी सतरंजी टाकून बसायचा. पांढरंशुभ्र धोतर आणि जिभेवर नुसता गूळ. शेतात सापडलेली रोमन बादशहांची नाणी तो खेडुतांकडून घ्यायचा आणि कॅम्पातल्या गोऱ्या साहेबांना विकायचा.

एकदा कडोलीची एक बाई चांदीचं नाणं घेऊन त्याच्याकडं आली. आजेसासूपासून घरात लक्ष्मी म्हणून पुजलेलं. "जाऊ म्हणती खोटं हाय. बघा की अण्णा."

त्यानं नाणं उन्हात धरलं, हळहळला. "ओतीव हाय गं आक्का, खोटं. कडेची ही चीर बघ."

माझं टाळकंच फिरलं. ओतलेल्या नाण्यावर बुडबुड्यांचे खड्डे दिसतात, कडेनं साच्याची शिवण दिसते. अशी चीर पडते ती खरं नाणं पाडताना, ठशावर घण बसला की! मी दुकानातूनच ओरडलो, "लबाड बोलतोय त्यो! नाणं खरं हाय!"

बाईनं माझ्याकडं पाहिलं. "असंल बी. पर मनात किंतु आलेला देव पुजू कसा?" खंडित मूर्ती पाण्यात सोडतात, तसं तिनं नाणं कपाळाला लावलं आणि त्याच्याच हातात दिलं. "तुमीच नदीत सोडा, अण्णा."

ती गेल्यावर मी म्हणालो, "मुडद्या, लुबाडलंस तिला."

"मी कुठं मागितलं?" तो म्हणाला. आणि ते खोटं नाणं त्यानं मऊ मलमलीत, चरा पडू नये म्हणून, दोनदा गुंडाळलं.