मोरीजवळची मेथी

डोंगरातल्या मोलगीच्या शाळेत बदली झाल्यावर मी खोलीमागे मेथी पेरली. ती पिवळी पडायला लागली. कळसाडीच्या काळ्या मातीत आयुष्य गेलेली आई फोनवर म्हणाली, "पानी जास्ती हुई ऱ्हायनं." पाणी कमी केलं, तर मेथी वाळायलाच लागली. वैतागून सगळी उपटायला गेले, तर मोरीजवळचा कोपरा हिरवागार! हे काय गौडबंगाल? शाळेतला निळा लिटमस कागद आणला. वाफ्यातल्या ओल्या मातीत तो लाल झाला, मोरीजवळ निळाच राहिला. डोंगरउतारावरच्या पावसानं मातीतले क्षार धुऊन नेले होते, म्हणून ती आंबट झाली होती. मोरीजवळ मात्र मी रोज चुलीच्या राखेनं भांडी घासत होते; राखेतल्या क्षारांनी तिथला आंबटपणा मारला होता. आईला हे सांगितलं. ती म्हणाली, "मंग आते वाफामाच बशीसन भांडा घास!"