पालकसभेतली मीठवाली

पनवेलच्या आमच्या हायस्कूलची एकच गोष्ट खरी होती, ती म्हणजे घंटा. ती वेळेवर व्हायची. बाकी सगळा देखावा. प्रयोगशाळा म्हणून एक कुलूपबंद कपाट होतं. ते वर्षातून एकदा, इन्स्पेक्शनच्या दिवशी उघडायचं आणि आतल्या काचेच्या नळ्या पुसायला आम्हा मुलींना लावायचे. भूगोलाचे मास्तर फळ्यावर नकाशा टांगून खुर्चीत झोपायचे. हेडमास्तर पेठ्यांना मुलांची नावं आठवत नसत, पण कुणाचा बाप कुठे कामाला आहे हे मात्र पाठ असे.

माझे वडील मामलेदार कचेरीत कारकून, म्हणून मी पहिल्या बाकावर. वेणू घरत शेवटच्या. वेणूचे वडील मिठागरात काम करायचे; ती लहान असतानाच तापाने गेले. तिची आई, गोदूबाई, खाडीकडच्या गावातून रोज सकाळी मिठाची पाटी डोक्यावर घेऊन चालत यायची आणि पनवेलच्या आळ्यांतून दारोदार मीठ मापून द्यायची.

ती पायरीवर बसली तरी घरातली बोलणी थांबत नसत. मीठवालीला कान असतात हे कुणाच्या गावीच नव्हतं. आमचे वडील तिच्यासमोरच म्हणायचे, "शाळा कसली, कोंडवाडा आहे तो!" वाण्याच्या दुकानातले वामनशेठ तर पेठ्यांना नावानिशी शिव्या घालायचे, कारण त्यांचा मुलगा नववीत गेला तरी त्याला त्रैराशिक येत नव्हतं.

एकोणीसशे अठ्ठावन्न साली आम्ही नववीत होतो. सायन्सचे मास्तर एके दिवशी स्फटिक शिकवत होते. म्हणजे पुस्तक वाचून दाखवत होते. मध्येच त्यांना विनोद सुचला. "घरत, तुझी आई मीठ विकते ना? मग सांग बघू, मीठ कसं होतं?"

वर्ग हसला. मीही हसले. वेणू उठली आणि तिने सांगितलं: भरतीचं पाणी आधी मोठ्या खणात कसं घेतात, उन्हाने आटलं की पुढच्या खणात कसं सोडतात, वारा सुटला तर दाणा बारीक का येतो. पुस्तकात यातलं काही नव्हतं. मास्तरांना त्यातलं काही ठाऊक नव्हतं. त्यांनी तिला आगाऊपणाबद्दल तासभर बाकावर उभं केलं.

पुढच्याच आठवड्यात इन्स्पेक्टरसाहेब यायचे होते. पालकांचं शाळेबद्दल मत काय, हे ते या वेळी विचारणार होते. पेठ्यांनी विषाची परीक्षा घेतली नाही. मत त्यांनी स्वतःच लिहून काढलं, खाली सह्यांना जागा सोडली आणि खुर्च्या भरायच्या म्हणून झाडून सगळ्या पालकांना त्याच दिवशी सभेला बोलावलं. गोदूबाईही आली. पाटी दाराबाहेर ठेवून मागे भिंतीपाशी बसली.

इन्स्पेक्टरसाहेब मंचावर बसले आणि वामनशेठ पहिले उठले. "अशी शाळा आख्ख्या कुलाबा जिल्ह्यात नाही!" मग माझे वडील. "माझी मुलगी इथे घडते आहे," ते म्हणाले आणि त्यांचा आवाज चक्क दाटून आला. आम्ही मुली दाराशी उभ्या होतो. मला कुठे पाहावं कळेना.

कागद फिरत फिरत गोदूबाईकडे आला. शिपायाने शाईची गादी पुढे केली.

"यात काय लिवलंय?" तिने विचारलं.

"शाळा उत्तम आहे असं लिहिलंय," पेठे मंचावरून म्हणाले. "अंगठा लावा, बाई."

"कोन बोललं असं?"

"सगळे पालक."

गोदूबाई उभी राहिली. आवाज चढवला नाही. "सायेब, मी यांच्या दारात रोज बसते. ह्यो शेठ बोलतो, पेठे मास्तर नुसता मटका हाय, आत काय नाय. ते कचेरीवाले बोलतान, ही शाला कोंडवाडा हाय. आज हितं येगलंच बोलतान. मंग मी कंच्या बोलन्यावर अंगठा लावू? माज्या पोरीनं खरं सांगितलं तं तिला बाकावर उबी केली. माजं मत तेवरंच हाय. ते लिवा, मंग लावते."

कुणी हसलं नाही. वामनशेठ धोतराचा सोगा नीट करू लागले. वडिलांनी चष्मा काढून पुसला. इन्स्पेक्टरसाहेबांनी घड्याळ पाहिलं आणि चहा मागवला. जाताना त्यांनी वहीत शेरा मारला: समाधानकारक.

दुसऱ्या दिवशी वडिलांनी आईला बजावलं, "त्या बाईला पायरी चढू द्यायची नाही." वामनशेठ दुकानात येईल त्याला तेच सांगत होते. महिन्याभरात निम्म्या आळ्यांनी तिचं मीठ बंद केलं. तिला खोटारडी मात्र कुणी म्हणालं नाही. तेवढी हिंमत कुणात नव्हती.

वार्षिक परीक्षेत वेणूला सायन्समध्ये नापास केलं. गोदूबाईने भांडण केलं नाही. दाखला घेतला, पोरीला उरणला भावाकडे ठेवलं आणि स्वतः त्या बाजूच्या गावांतून मीठ विकू लागली. वेणू तिथून एस. एस. सी. झाली, ट्रेनिंग करून मास्तरीण झाली. आमच्या वर्गातली निम्म्याहून अधिक मुलं एस. एस. सी.ला आपटली, मीही त्यांतच. शाळेने फाटकावर अभिनंदनाचा फलक लावला.

पुढे शाळेच्या वर्धापनदिनाच्या अंकासाठी माजी विद्यार्थ्यांची मतं मागवली, तेव्हा मी पालकसभेची हकिगत लिहून पाठवली. ती जागेअभावी परत आली. वडिलांच्या शुभेच्छा मात्र फोटोसह छापल्या.

परत आलेले ते कागद घेऊन मी एस. टी.ने उरणला गेले. वेणूने ते मोठ्याने वाचले. गोदूबाई तांदूळ निवडत ऐकत होती. भूगोलाच्या मास्तरांचं आलं तेव्हा तिला हसू आवरेना, ते परत वाचायला लावलं. मग मी वर्गाबरोबर हसले होते ते वाक्य आलं. वेणूने तेही तसंच मोठ्याने वाचलं. गोदूबाईने माझ्याकडे पाहिलं. "ह्ये बी लिवलंस?" म्हणाली. "बरं केलंस. भाकर खाऊन जा."