आईसाठी राखून ठेवलेल्या रजा

डिसेंबर संपत आला की आमच्या शाळेत सगळ्यांना एकदम किरकोळ रजा, म्हणजे सीएल, आठवतात. एकतीस तारखेनंतर त्या बुडतात. सगळे म्हणजे आम्ही दोघंच शिक्षक. मोठे सर दरवर्षी ‘मॅडम, तुमच्या तर उरतातच’ म्हणत आपल्या चार लावतात आणि सासुरवाडीला जातात. पाचही वर्ग माझ्या गळ्यात. त्यात मुलींना नव्या वर्षाच्या रांगोळीला रंग हवेत, पोरांना केक हवा. घरी हैदराबादहून सुट्टीला आलेल्या माझ्या मुलांना हुरडा हवा. तो भाजायचा कोणी, हा प्रश्न त्यांना पडत नाही. यंदा मी इतकी थकले होते, की कोणी ‘हॅपी न्यू इयर’ म्हटलं तरी चिडायचे.

माझ्या सीएल उरतात त्याला कारण आहे. आई जैनथच्या पुढे, पैनगंगेकाठच्या गावात भावाकडे असते. तिचं वय झालंय. कधी दवाखान्यात न्यावं लागेल सांगता येत नाही, म्हणून मी वर्षभर हात राखून असते. स्वतःच्या तापातही शाळेत जाते. यंदा आई ठणठणीत राहिली आणि तीन रजा उरल्या. सर गावाला गेले, त्यात दोन वाया गेल्या. तिसरी मात्र ते परतल्यावर एकतीस तारखेला मी भांडून लावली. खरं सांगायचं तर मला फक्त झोपायचं होतं. घरी ते जमणार नव्हतं, म्हणून जैनथहून ऑटो धरला.

आई अंगणात कापसातला कचरा वेचत बसली होती. मला बघताच तशीच उठली. तिचा चेहरा पार उतरला.

“काऊन आली व? कोन बिमार हाय?”

“कोनी नाही व माय.”

“पोरं बरे हायेत? जावई?”

“सगळे बरे हायेत.”

शाळेच्या दिवशी मी या दारात आले ती कायम वाईट बातमी घेऊन, नाहीतर तिला दवाखान्यात न्यायला. हे माझ्या तोवर लक्षातच आलं नव्हतं. मला स्वतःची लाज वाटली. मी तिला धरून खाली बसवलं.

“माय, माह्या तीन सुट्ट्या उरल्या होत्या. दोन गेल्या. ही आज संपून राह्यली, म्हनून आली.”

“येवढ्या कायले उरवल्या?”

“तुह्यासाठी ठेवल्या होत्या. तू बिमार पडली त लागतीन म्हनून.”

तिने पुढ्यातला कापूस ओढून पुन्हा कचरा वेचायला घेतला. मग न रागावता, नीट समजून घ्यावं तसं म्हणाली, “म्हंजे मी बिमार पडली असती, त तू तीन दिवस राह्यली असती.”

मी ‘हो’ म्हणाले. खोटं बोलायचंही त्राण उरलं नव्हतं.