जेलवरची ती पट्टी

पडदा वर जातो तेव्हा समोर प्रयोगशाळेतला एक लांबलचक ओटा, गुरगुरणारा फ्रीजर आणि स्टुलावर पाठमोरी बसलेली माझी भाची. नायिकेने प्रेक्षकांकडे पाठ करू नये, हे मी उभं आयुष्य नाटकात ऐकलं. पण हिला तोंडच दाखवायचं नव्हतं.

घरात आम्ही तिला 'शेपटी' म्हणतो. प्रथिनाला खुणेची इवलीशी शेपटी जोडायची, ती शेपटी ओळखणाऱ्या अँटिबॉडीने ते पेशींच्या अर्कातून ओढून काढायचं आणि त्याला बिलगून आणखी कोण येतं ते पाहायचं, हे तिचं काम. तिच्या थोरल्या बहिणीच्या शरीरातले पहारेकरी घरच्यांनाच चोर समजून बडवतात. बोटं इतकी सुजतात की वेणी घालता येत नाही. त्या पहारेकऱ्यांना चिथावणारा निरोप कोण कुणाला देतं, हे शेपटी शोधत होती.

मागे एकदा, प्रथिनं वेगवेगळी करणाऱ्या जेलच्या पातळ थरावर, ठसठशीत पट्टी उमटली. "ताई, सोबती सापडला!" म्हणत ती घरभर नाचली. त्या भरात ताईने डॉक्टरांनी सुचवलेलं जहाल इंजेक्शन लांबणीवर टाकलं. "आता तुझंच औषध घेईन की," म्हणाली. शेपटी नुसती हसली.

आज तिने अर्क न घालता नुसती अँटिबॉडी जेलवर चालवली. खरं तर हे आधीच करायचं असतं. पट्टी तिथेच, तेवढीच ठसठशीत! सोबती कुणी नव्हताच. जिने ओढलं ती अँटिबॉडीच दिसत होती.

"मामा, पहिल्या वर्षाची मुलंही हे चुकत नाहीत," ती भिंतीला म्हणाली.

"तुझ्या गाईड मॅडमना सांगितलंस?"

"हो. म्हणाल्या, होतं असं, पुन्हा कर."

"मग?"

"ताईला काय सांगू? तिची बोटं बघितलीस?"

"मी सांगतो. वाईट बातम्या आणणारा दूत मी शेकडो प्रयोगांत केलाय."

"नको. तू तिला तिथेच रडवशील."

घरी ताई दातांनी बरणीचं झाकण फिरवत होती. शेपटीने चपलाही काढल्या नाहीत. दारातच, मान खाली घालून, एका दमात सगळं सांगून टाकलं.

ताईने बरणी खाली ठेवली. "एवढंच ना? खरं सांगितलंस. शाब्बास गं माझी..."

"शाब्बास म्हणू नकोस, ताई. उद्या इंजेक्शनला जाऊ. मी येते बरोबर, फक्त वाटेत माझं कौतुक करू नकोस."