रात्री न उतरणारं प्रेशर

विमलाचा कुणावरच विश्वास नाही. गॅस बंद केलाय असं मी सांगितलं, तरी ती स्वतः जाऊन बघणार. मुलुंडच्या एका छोट्या कारखान्यात ती पॅकिंगला आहे, तिथेही दुसरीने बंद केलेलं खोकं उघडून बघते म्हणे. मी, माणिक, तिची शेजारीण. म्हणजे हा सगळा ताप माझ्याच नशिबी.

पण लेकीच्या बाबतीत मी तिला कधी हसले नाही. श्रुतिकाला लहानपणापासून डायबेटिस आहे, इन्सुलिनवाला. शाळेत असताना एकदा झोपेतच तिची साखर इतकी उतरली की पोर हाकेला ओ देईना. तेव्हापासून विमला तिच्याशेजारी झोपते आणि रात्रभर अधूनमधून तिच्या मानेला हात लावून बघते. साखर उतरली की घाम येतो ना! दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, तिचं काय चुकलं? श्रुतिका आता नोकरीला लागली, तरी हे चालूच.

यंदा तपासणीत श्रुतिकाचं ब्लडप्रेशर जरा वर दिसलं. डॉक्टरांनी दिवसरात्र आपोआप प्रेशर मोजणारं यंत्र दंडाला बांधून तिला घरी पाठवलं. रिपोर्टच्या दिवशी मीही सोबत गेले.

"झोपेत प्रेशर खाली यायला हवं," डॉक्टर म्हणाले. "हिचं आलंच नाही. किडनीवर ताण पडायला लागला की असं होतं. झोप नीट झाली नसली, तरीही होतं. झोपली होतीस ना?"

"गाढ!" उत्तर विमलानेच दिलं. "मी बघत होते ना."

श्रुतिका खाली मान घालून म्हणाली, "नाही गं आई. तू हात लावतेस तेव्हा मी जागीच असते. रोज. तुला वाईट वाटेल म्हणून डोळे मिटून पडते."

विमलाचा चेहरा पडला. "चेडवाक घाम इलो काय, ता बघूक होया ना..." पोरीला घाम आलाय का ते बघायला हवं ना, एवढंच ती तिच्या मालवणीत पुटपुटली. मला तिची फार दया आली.

डॉक्टरांनी पुन्हा यंत्र बांधलं. साखर उतरली तर मायलेकींचे फोन वाजतील असा सेन्सरही लावला. विमलाला त्या रात्री माझ्याकडे झोपायला सांगितलं.

सकाळी श्रुतिका म्हणाली, "आई, काय झकास झोप लागली!" विमला हरखलीच. "माझाच हात नडत होता गं," असं ती अख्ख्या बिल्डिंगला सांगत सुटली. स्वतःची चूक इतक्या आनंदाने सांगणारं माणूस मी पहिल्यांदाच पाहिलं.

रिपोर्ट आला. डॉक्टर म्हणाले, "झोप छान झाली, तरी प्रेशर उतरलेलं नाही. लघवीतही प्रोटीन दिसतंय, म्हणजे किडनीवरच ताण आहे. गोळी सुरू करू. वेळेवर कळलं, हे चांगलं."

"म्हणजे माझ्या हातामुळे नव्हतं?"

"नाही हो. तुमची काहीच चूक नाही."

तेव्हा विमलाला रडू कोसळलं. "असती तर बरं झालं असतं हो डॉक्टर," ती म्हणाली. "ती मी सुधारली असती."